सोल प्रकल्प: टाच धरली, नाक सुटलं

जुन्या ट्रेकिंग बुटांना घरीच नवा सोल बसवण्याचा हा प्रकल्प. उजव्या बुटाचं नाक, म्हणजे सोलचं पुढचं टोक, पुन्हा उघडलं. रात्रभर बादलीत भिजवून सकाळी चवड्यात दुमडला, तर अंगठ्याखाली रबर आणि ईव्हीएच्या (रबरावरच्या फोमच्या पत्र्याच्या) मध्ये नखभर फट. बोट घालून ओढलं तशी ती चवड्याच्या रुंद भागापर्यंत सरकत गेली आणि तिथेच थांबली. तिथून मागे सोल जागचा हलला नाही. टाच पक्कडीने ओढली तर ईव्हीएचा लचका हातात आला, पण जोड काही सुटला नाही. चिकटवणाऱ्याला याहून चांगली बातमी नसते: सामानच फाटलं, म्हणजे गोंद सामानापेक्षा मजबूत. मग त्याच डब्यातल्या त्याच गोंदाने नाक का सोडलं? आजची नोंद बहुतेक या नाकावरच खर्च होणार आहे.

बूट २.२ मिमी जाड कातड्याचा, घोट्यापर्यंतचा. वरचं कातडं आणि शिलाई ठणठणीत, पण मूळच्या पीयू (पॉलियुरेथेन) मिडसोलचा, म्हणजे सोलच्या मधल्या थराचा, बेसनाच्या लाडवासारखा भुगा झालेला. नवी रचना अशी: खाली ६ मिमी जाड, खाचांचं रबर, मध्ये ईव्हीए, टाचेखाली २० मिमी आणि नाकाकडे उतरत १० मिमी. ईव्हीएचा कडकपणा शोअर ए या मापावर ४५ ते ५०. त्याहून मऊ पत्रा दुकानात अंगठ्याला सुखावतो, पण पाठीवर १५ किलोची सॅक आली की दोन-तीन घाटवाटांत टाचेखाली कायमचा दबून बसतो.

पीयूबद्दल एक जुना गैरसमज अजून फिरतोय, म्हणून थोडं. ‘बूट वापरले नाहीत, खोक्यात जपून ठेवले, तरी सोल गळाला’ असं म्हणतात. ‘तरी’ नव्हे, बऱ्याचदा ‘म्हणूनच’. एस्टर जातीच्या पीयूच्या साखळ्या हवेतल्या दमटपणाने तुटत जातात. त्याला चालणं लागत नाही. ऊब आणि ओल पुरते. कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा, बंद खोकं आणि त्यात प्लॅस्टिकची पिशवी, यापेक्षा सोयीची जागा त्या विघटनाला मिळणार नाही. नवीन बूट घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष आधी वाचा, सवलतीचा आकडा नंतर. चार वर्षं गोदामात पडलेला पीयू मिडसोलचा बूट निम्म्या किमतीत मिळाला, तरी त्याचं निम्मं आयुष्य दुकानातच गेलेलं असू शकतं. ईव्हीए असं गळत नाही, ते दबतं. दबलेला सोल तुम्हाला गावापर्यंत आणून सोडतो. गळालेला हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अवघड चढाईत मध्यावर उभं करतो.

आता नाक. सुटलेला जोड आधी वाचायचा असतो, लगेच पुन्हा गोंद फासायचा नसतो. दोन्ही तोंडं उजेडात धरायची. रबराचं तोंड काळं स्वच्छ आणि सगळा गोंद दुसऱ्या बाजूला गेला असेल, तर रबर नीट खरवडलेलं नाही, किंवा साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहिलाय. गोंद दोन्हीकडे आहे पण ओढताना तारा निघतात, तर आतला द्रावक उडालेला नाही. मूळ पीयूचा पिवळट भुगा गोंदाला चिकटून आला, तर साफसफाई अर्धवट. आणि दोन्ही तोंडांवर गोंदाचा थर आपापल्या जागी शाबूत, वर दुधाळ झाक, असं दिसलं तर ते दोन थर एकमेकांत मिसळलेच नाहीत. आपल्या नाकाची तऱ्हा ही शेवटची.

दुधाळपणा येतो तो पावसाळ्यामुळे. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असेल तर त्या थंड थरावर पाण्याचा अतिबारीक पडदा धरतो. बोट लावलं तर गोंद ‘वाळला’ असंच वाटतं, पण दोन थर भेटतात ते त्या पडद्याच्या आरपार. ऑगस्टमध्ये खिडकी उघडी ठेवून, पंखा लावून काम केलं की हे हमखास होतं. पंख्याने लवकर वाळतं हे खरं. पण उडण्याचा वेग वाढला की थरही तितका जास्त गार होतो.

पट्ट्यांवर हे तपासून पाहिलं. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी कृती: रबर आणि ईव्हीएच्या २५ मिमी रुंद पट्ट्या कापायच्या, चिकटवून दोन दिवस ठेवायच्या, मग एक टोक शिकंज्यात धरून दुसऱ्याला सामान तोलायचा आकडेवाला काटा अडकवून सावकाश ओढायचं. सुरक्षा-बुटांच्या आयएसओ २०३४५ मानकात सोलच्या जोडाला मिलिमीटरमागे ४ न्यूटन मागितलेत, आणि सोलचं सामानच फाटलं तर ३ चालतात. म्हणजे २५ मिमीच्या पट्टीला साधारण १० किलो. नुसत्या अॅसिटोनने पुसलेलं रबर काटा जरा हलतोय तोच सुटलं. ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडलेलं बरंच टिकलं, पण शेवटी रबराकडूनच सुटलं. खरवडून प्रायमर (गोंदाआधी लावायचा हात) लावलेल्या पट्टीत ईव्हीए फाटलं. आणि हेच सगळं करून, फक्त पावसाळी संध्याकाळी उष्णता न देता दाबलेल्या पट्टीत नेमका तोच दुधाळ थर मिळाला. रोग सापडला.

पण मग टाच कशी धरली? उत्तर दाबण्याच्या क्रमात आहे. दोन्ही तोंडं हीटगनने तापवून दाबायला सुरुवात टाचेपासून केली की नाकाचा नंबर येईपर्यंत थर थंड पडलेला असतो. उजव्याला त्यातही जास्त वेळ लागला, कारण त्याच्या मधल्या भागात पत्रा सरकत होता. शिवाय दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं आहे: बुटाचं नाक जमिनीपासून १५-२० मिमी वर उचललेलं असतं आणि पत्रा असतो सपाट. त्याला वाकवून चिकटवलं तरी तो सरळ व्हायला बघतो. जोडावर सोलण्याचा ताण चोवीस तास, बूट कपाटात असतानाही. गोंद कातरणाऱ्या ताणाला जबर सोसतो, सोलणाऱ्या ताणाला फार कमी. टाचेखाली सगळं सपाट, म्हणून तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून उजव्याचा नवा क्रम असा. चवड्यापर्यंतचं रबर पूर्ण सोडवून घ्यायचं, जुना गोंद अॅसिटोनने मऊ करून रापीने (चांभारी सुरीने) काढायचा. साधं थिनर नको. स्वस्त डब्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, आणि वाळल्यावर तेलकट राहतं. ईव्हीएचं नाक रापीने तासून १० वरून ६ मिमीवर आणायचं, म्हणजे वाकायला सोपं जाईल. मग ते तापवायचं. साधारण ८० अंशांना ईव्हीए लवचीक होतं. चमक यायला लागली की थांबा, त्यापुढे छिद्रं मिटून पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि गोंद धरत नाही. गरम असतानाच आत फर्मा (पायाच्या आकाराचा ठोकळा) घातलेल्या बुटाखाली दाबून, सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून गुंडाळून गार होऊ द्यायचं. सुटल्यावर नाक आपोआप वर राहिलं पाहिजे. रबरालाही असाच वाक द्यायचा. ते ईव्हीएइतकं ऐकत नाही, पण निम्मा ताण गेला तरी खूप झालं.

रबरासाठीचा क्लोरीनवाला प्रायमर एक पातळ हात, मग तासभर वाळवण. हातमोजे घाला आणि गच्चीत किंवा गॅलरीत करा, हा वास फुप्फुसांसाठी नाही. ईव्हीएचा प्रायमर वेगळा येतो. ‘एकच बाटली दोन्हीला चालते’ असं सांगणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा. मुंबईतल्या ठक्करबाप्पा कॉलनीत पादत्राणांच्या सामानाच्या दुकानांत दोन्ही सुटे मिळतात, आणि तिथले लोक सोलचा तुकडा नखाने खरवडून रबराची जात सांगतात. ऑनलाइन मागवलेला, गोंदात मिसळायचा हार्डनर मात्र बाटलीच्या तळाशी जेली होऊन आला. तो हवेतल्या ओलीवरच जमतो, तेव्हा छोटी बाटली घ्या, बूच उघडलं की त्या हंगामात संपवा. प्रमाण १०० ग्रॅम क्लोरोप्रीन गोंदाला ५ ग्रॅम, छोट्या डिजिटल काट्यावर मोजून. अंदाजाने टाकलेलं थेंबभर जास्त झालं की जोड ठिसूळ होतो. हार्डनरशिवायचा गोंद मे महिन्यात तापलेल्या कातळावर मऊ पडतो, हे लक्षात असू द्या.

गोंदाचे दोन हात. पहिला पातळ, ईव्हीएत मुरणारा, तो पूर्ण वाळवायचा. दुसऱ्यानंतर १५ मिनिटं. बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटेल पण तार ओढली जाणार नाही, ही खूण. मग दोन्ही तोंडं ६०-७० अंशांपर्यंत तापवायची. दुधाळ झाक डोळ्यांदेखत उडून थर पारदर्शक होतो, हे बघण्यासारखं आहे. आणि दाबायची सुरुवात नाकापासून. मधून कडांकडे, हातोडीच्या गोल डोक्याने, बोटभर अंतराने. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मध्यरेषा आधीच पांढऱ्या पेन्सिलीने दोन्हीकडे आखलेली हवी. मग दोन दिवस ट्यूबमध्ये बांधून.

इथपर्यंत ठरलं होतं तेवढं. नाकाला शिलाईही मारायची असा मूळ बेत होता, मेणवलेल्या नायलॉन दोऱ्याने. पण सपाट पत्र्याला बाजूची भिंतच नाही, शिलाई घालणार कुठे? आतल्या पुठ्ठ्यातून आरपार टाके घातले तर प्रत्येक भोकातून पाणी आत. वाटीसारख्या कडा वर आलेला तयार सोल असता तर गोष्ट वेगळी. ज्यांचे बूट तसे आहेत त्यांनी गोंदाच्या जोडीला कडेची शिलाई मारून घ्यावीच, कुठलाही बरा चर्मकार आरीने तासाभरात करून देतो.

शिलाई बाद, त्याऐवजी पट्टी. २ मिमी जाड, ३५ मिमी रुंद रबराची पट्टी, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत नाकाभोवती, अर्धी कातड्यावर आणि अर्धी ईव्हीए-रबराच्या जोडावर. दगडाला नाक आपटलं की फट उघडायची सुरुवात नेमकी त्या कडेपासून होते, तीच झाकली जाईल. कातड्याचा वरचा गुळगुळीत थर पट्टीच्या रुंदीत खरवडावा लागेल, आणि पूर्वी मेण चोळलंय ते अॅसिटोनने काढावं लागेल. मेण आणि तेल सोलजवळ थापू नका असं वारंवार सांगितलं जातं ते याचसाठी. तेल झिरपत जोडापर्यंत जातं आणि गोंद मऊ करतं.

आणि हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचतंय. रबर एकसंध कशाला? चवड्याचा आणि टाचेचा तुकडा वेगळा ठेवला, मधली कमान उघडी सोडली, तर उतारावर आधी झिजणारी टाच एकटी बदलता येईल. वजनही कमी. उघडं ईव्हीए धारदार दगडावर चिरतं ही अडचण आहे; कमानीवर २ मिमीचा साधा पत्रा टाकला तर भागेल. टाचेच्या तुकड्याची पुढची कड मात्र काटकोनात उभी ठेवायची. घसाऱ्यावर उतरताना ब्रेक तीच लावते, आणि धावायच्या बुटांच्या गोलाईदार सोलवर ती नसते म्हणून लोक मुरमाड उतारावर बसत बसत येतात. डाव्याला हात लावायचा नाही. हा प्रयोग उजव्यावरच, टाच सोडवायला जीवावर येतंय तरी.

रबराबद्दल थोडक्यात, कारण यावर भांडण होणारच. टायरचा सोल झिजत नाही हे खरं. ओल्या कातळावर तो धरत नाही हेही तितकंच खरं. शोअर ए ६० च्या आसपासचं रबर नखाने दाबलं तर दबतं, ते घ्या. खाचा ४-५ मिमी खोल आणि मध्ये चिखल सुटून पडेल इतकी मोकळीक. व्हिब्राम या इटालियन सोल-कंपनीची ती १९३७ ची रणगाडा-पट्ट्यासारखी नक्षी आजही सगळीकडे नक्कल होते ती उगाच नाही. शेवाळ धरलेल्या कातळावर मात्र कुठलंच रबर भरवशाचं नाही, तिथे पाय आडवा टाकायचा आणि हात मोकळे ठेवायचे. अॅक्शन कंपनीचे स्वस्तातले ट्रेकिंग बूट सह्याद्रीत इतकी वर्षं टिकून आहेत ते पकडीवरच. घोट्याला आधार नाही आणि जड सॅकेखाली तळवा दुखतो, पण कातळटप्प्यावर महागड्या बुटांना ते लाजवतात. ‘वॉटरप्रूफ’ अस्तराचा मोह जुलैत टाळा. पाणी वरून शिरतं, आणि शिरलेलं बाहेर जायला वाट नसते.

नव्या उंचीमुळे बसण्यातही फरक पडलाय. टाच मूळपेक्षा ४ मिमी उंच झाली, त्यामुळे उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठा टेकतो. डाव्याची जिन्यावर परीक्षा घेतली: संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, जाड मोजे घालून, उतरताना मुद्दाम आपटत. पायाच्या वळणावर, हुकांच्या आधी, दोन पिळांची गाठ मारून खालची लेस कुलूप केली की सरकणं थांबतं, वरची हवी तेवढी सैल ठेवता येते. तरी उजव्याला टाच १८ मिमीवर तासणार. मग डावाही तासावा लागेल, म्हणजे वर लिहिलेलं ‘हात लावायचा नाही’ बाद. असो.

अडलंय ते पट्टीवर. २ मिमीची पट्टी नाकाच्या वळणावर सुरकुत्या पाडते. तापवून ताणली तर गार झाल्यावर परत आखडायला बघते, म्हणजे पुन्हा तोच ताण. दीड मिमीचं रबर मिळालं तर आतल्या कडेला व्ही आकाराचे छोटे छेद देऊन बसवायचा विचार आहे. छेद कातड्याच्या बाजूला द्यावेत की सोलच्या, हे आधी कागदाच्या पट्टीवर करून बघतो. सोलच्या बाजूला दिले तर नंतर ते खालच्या रबराखाली झाकले जातील, पण मग पट्टी रबराच्या आधी लावावी लागेल आणि वरचा सगळा क्रम पुन्हा मांडावा लागेल.