हात चांगला आहे, मग आर्ट स्कूल कशाला?

दहावीचा निकाल लागला की गावातलं कोणी ना कोणी विचारतंच, "सर, पोराचा हात चांगलाय, गणपतीच्या कारखान्यात बसतो. मग आर्ट स्कूलमध्ये चार-पाच वर्षं कशाला घालवायची?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

अलिबागजवळच्या सासवण्याला एकदा पोराला घेऊन जा. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथले, जन्म १८९१चा. घरात गणपती घडवायचे. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाला मुंबईला जे. जे. आर्ट स्कूलमध्ये धाडलं. पुण्यात १९२८ साली उभारलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा करमरकरांचाच. सासवण्याच्या घरी त्यांनी सिमेंटची म्हैस केलीय. तिच्यासमोर मी दर खेपेला बराच वेळ थांबतो. ती म्हैस आपल्याच गोठ्यातली, पण तिला तसं बघायची सवय आर्ट स्कूलमध्ये लागलेली.

अशा शाळेत एकाचं दुसऱ्याला मिळत जातं. जे. जे. १८५७ची. तिथले विद्यार्थी त्यांचे शिक्षक ग्रिफिथ्स साहेब यांच्याबरोबर १८७२पासून कित्येक वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. आपल्या सिंधुदुर्गातल्या नेरूरपारचे चित्रकार प्रभाकर कोलते तिथे पळशीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. गोव्याच्या चित्रकार सूझाला तर तिथून काढून टाकलं होतं. त्यानेच १९४७मध्ये रझा, हुसेन वगैरे चित्रकारांना घेऊन प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट काढला आणि देशाची चित्रकला हलवली. शाळेशी भांडणारेही मला शाळेचेच वाटतात.

खर्चाचं म्हणाल, तर ती काळजी खरी आहे. मुंबईतलं राहणं परवडत नसेल तर चिपळूणजवळच्या सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, घरापासून फार लांब नाही.

माझा एक विद्यार्थी पहिल्या वर्षाला असताना श्रावणात घरी आला. मूर्तीचे डोळे तो लहानपणापासून झोपेतही आखेल असा. कॉलेजात मात्र त्याला पंधरा दिवस स्वतःचंच पाऊल काढायला लावलं होतं. कारखान्यात साच्यातून निघालेली शाडूची मूर्ती ओली होती. तो खाली बसून तिच्या पायाकडेच बघत राहिला, मग वडिलांना म्हणाला, "बाबा, बोटं सगळी एकसारखीच आहेत." वडील काही बोलले नाहीत. कोरणी त्याच्या हातात दिली.