ठाणं सुटलं की थेट घाटकोपर

आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे पोटात कळा आणि शौचाचा त्रास देणारा आतड्यांचा विकार) आहे म्हटलं की ओवा चावायचा सल्ला मिळतो, नाहीतर "टेन्शन घेऊ नकोस" ऐकावं लागतं. माझ्या मावशीचं म्हणणं वेगळंच. "अगं, कोलोनोस्कोपी नॉर्मल आली ना? मग सगळे मनाचे खेळ!" कळ येऊन दरदरून घाम फुटलेल्या माणसाला हे ऐकवून बघा.

त्यामुळे पोटाच्या डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टची चिठ्ठी दिली तेव्हा माझं डोकंच फिरलं. पण त्या बाई पहिल्यांदा हेच म्हणाल्या, की कळ खरी आहे. आतडी आणि मेंदू यांचे निरोप दोन्हीकडून चालू असतात. आयबीएसमध्ये साधा गॅसही वेदना म्हणून वर पोचतो, आपण घाबरतो आणि घाबरल्यावर पोट आणखी चाळवतं.

मग त्यांनी विचारलं, पोटासाठी तुम्ही काय काय टाळता? यादी लांबतच गेली. सकाळी उपाशी निघायचं. बॅगेत जादा सलवार. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच आधी संडास हेरायचं. आणि फास्ट लोकल कधीच नाही! लोकलमध्ये संडास नसतं. डोंबिवलीहून स्लो पकडली की निदान मुलुंड, नाहूर, भांडुप असं कुठेही उतरता येतं. फास्टला बहुतेकदा ठाणं सुटलं की थेट घाटकोपर.

मी जे टाळत होते नेमकं तेच त्यांनी करायला लावलं. आधी नाश्ता करून स्लो, मग गर्दी नसताना फास्ट. "रविवारी जा," म्हणाल्या. (बाईंना मेगाब्लॉक माहीत नसावा.) मी शनिवारी दुपारी गेले. भांडुपच्या आसपास पोटात गुरगुरलं. पोटावर हात ठेवून, पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्यायचा आणि कळ चढते कशी, उतरते कशी ते बघत राहायचं, एवढंच काम. विक्रोळी मागे पडेपर्यंत ती उतरली होती. घरी येऊन वहीत लिहिलं: काय होईल वाटलं, काय झालं.

ही नवी थेरं नाहीत. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी आयबीएसवर संमोहनाचा प्रयोग १९८४ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये छापला. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००८ च्या सूचनांतही सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा मानसोपचार) आणि संमोहन आहे, फक्त १२ महिने औषधांनी गुण आला नाही तर. वर्षभर कळा सोसायला कशाला लावायच्या, हे मला कळलेलं नाही.

चुलतभावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. तोही थेरपीला जातो, दुखणं पुन्हा उसळेल या धास्तीसाठी. पण थेरपीने आतड्यातली सूज जात नाही, त्याच्या गोळ्या चालूच आहेत. शौचातून रक्त जात असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर आधी तपासण्या.

खासगीत फी झेपत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून विचारा. रांग मोठी असते, नाश्ता करून जा.