सातवी बॅच: पाणी घातलं की दुधाळ, आणि त्यावर सापडलेला उतारा

मंडळी, इथे डेन्मार्कमध्ये घरी बनवत असलेल्या माझ्या बिटरची (जडीबुटी मुरवलेल्या कडू मद्याची) सातवी बॅच एकदाची निवळली! तीन आठवडे या एकाच गोष्टीने माझं डोकं खाल्लं, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय.

सहाव्या बॅचपासून मी प्रत्येक जिन्नस वेगळ्या बरणीत मुरत घालतो. गामल डान्स्क या प्रसिद्ध डॅनिश बिटरमध्ये २९ जिन्नस आहेत आणि १९६४ साली बाजारात आल्यापासून कृती गुलदस्त्यातच आहे. तिची नक्कल करायचा नाद मी चौथ्या बॅचलाच सोडला. माझे दहाच: जेन्शियन आणि अँजेलिकाची मुळं, रोनेबर (रोवन झाडाची लाल फळं), पोर्स (दलदलीतलं सुगंधी पानांचं झुडूप), पोमेरान्सची (कडू संत्र्याची) साल, चक्रीफूल, अनिस (बडीशेपेसारखं बी), जायफळ, दालचिनी, सुंठ. जोर मात्र तिच्याइतकाच ठेवायचा, ३८ टक्के अल्कोहोल.

सगळे अर्क ६० टक्के स्पिरिटमध्ये काढले होते. एकत्र केल्यावर चव पहिल्यांदाच मनासारखी जमली. आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग मसाला, आणि घोट गेल्यावर जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा जेन्शियनचा कडूपणा. रंग गडद मधासारखा. मग ३८ वर आणायला पाणी घालू लागलो आणि डोळ्यांदेखत आत पांढरट ढग उठले. दोन मिनिटांत पातळ चहात दूध पडल्यासारखं झालं.

आधी संशय रोनेबरवर. फळ म्हटलं की पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला चिकट पदार्थ) आलंच. कॉफीच्या कागदी फिल्टरमधून तीनदा गाळलं, एकेका वेळी चार तास. ढिम्म फरक नाही. (त्या फिल्टरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: गाळ धरायला उत्तम, पण असल्या गढूळपणापुढे काही कामाचा नाही. पहिल्या गाळणीला आपली मलमलच बरी, भराभर तरी गाळते.)

मग गाळणं थांबवून नीट तपासायला बसलो. २० मिली गढूळ बिटर घेऊन कोमट पाण्यात धरलं, तर निवळलं. थंड झालं, पुन्हा ढग. दुसऱ्या २० मिलीत थेंबथेंब स्पिरिट सोडलं, तर हिशेबाने ४६ टक्क्यांच्या आसपास लख्ख झालं. पेक्टिन असतं तर स्पिरिट वाढल्यावर उलट त्याच्या तारा सुटल्या असत्या. म्हणजे हे तेल! उझोत (ग्रीसच्या अनिसच्या वासाच्या मद्यात) पाणी घातल्यावर होतं तेच: अ‍ॅनेथॉल (अनिस-चक्रीफुलाच्या तेलातला मुख्य घटक) जोरदार स्पिरिटमध्ये विरघळून राहतं, पाणी वाढलं की बारीक थेंब होऊन बाहेर पडतं. ते थेंब इतके सूक्ष्म की कागदातून आरपार जातात.

गुन्हेगार शोधायला दहा छोटे पेले ओट्यावर मांडले. प्रत्येकात ५ मिली अर्क, ३ मिली पाणी, आणि पेल्यामागे वर्तमानपत्र. जेन्शियन, रोनेबर, सुंठ: अक्षरं स्वच्छ वाचता आली. अँजेलिका: जरा धूसर. पोमेरान्स: मथळा दिसतो, बातमी नाही. चक्रीफूल आणि अनिस: कागद आहे की नाही तेही कळेना. ही चाचणी जरूर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून थंडच गाळायचा उपायही केला. निवळ झालं, पण सालीचा वास निम्मा गेला. तो वास घालवून मिळालेला स्वच्छपणा मला नको होता.

उतारा शेवटी अगदी साधा निघाला. जे तेल ३८ टक्क्यांत राहूच शकत नाही, ते मुळात काढायचंच कशाला? चक्रीफूल, अनिस आणि साल थेट ३८ टक्क्यांत मुरत घातली, तीन दिवसांऐवजी सात. बाकीचे अर्क ६० मध्येच काढून, आधी पाण्याने ३८ वर आणून, मग या तिघांत मिसळले. काल रात्री पेला दिव्यासमोर धरला आणि मागच्या वर्तमानपत्रातला बारीक टाइपसुद्धा वाचता आला. आज सकाळीही तसाच. वास शाबूत!

एक सूचना: साखर घातल्यावर अल्कोहोलमीटरवर विसंबू नका. साखरेने घनता वाढते आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. मी आता फक्त मापांवरून हिशेब करतो. आणि ०.०१ ग्रॅमचा काटा घ्याच, जेन्शियन मोजायला त्याला पर्याय नाही.

गेल्या वेळी कोणीतरी विचारलं होतं, जेन्शियनसारखं काडेचिराईत वापरता येईल का? प्रश्न अगदी रास्त. ते जेन्शियनच्याच कुळातलं, आणि दोन्हींत अमॅरोजेन्टिन सापडतं, जे ५ कोटी ८० लाख पट पातळ केलं तरी कडू लागतं. आजीच्या काढ्याची तीच ओळखीची कडवट चव मला जेन्शियनमध्ये पहिल्याच थेंबाला सापडली होती. वेगळी छोटी बरणी लावतो. वेखंड मात्र आपल्याकडचं आणणार नाही. त्यात बीटा-असॅरोन हा अपायकारक घटक युरोपातल्या वेखंडापेक्षा बरंच जास्त असतं आणि इथे पेयांत त्यावर कडक मर्यादा आहे.

आठव्या बॅचला पोर्स दुप्पट करायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, पोर्सलाही हाच नियम लावून बघावा: अर्धं ६० मध्ये, अर्धं ३८ मध्ये, आणि शेजारी शेजारी ठेवून चव घ्यावी. त्याच्याही पानांत तेल आहेच. मग दुप्पट करायची गरजही पडणार नाही कदाचित. जूनअखेरीस सांक्त हान्स या डॅनिश सणाच्या सुमारास खुडलेल्या पेरिकॉनच्या (सेंट जॉन्स वर्टच्या) कळ्यांची बरणीही आता माणकासारखी लाल झाली आहे. रंगासाठी जळक्या साखरेऐवजी तीच वापरायचा मोह होतोय, पण पेरिकॉन कितीतरी औषधांचा परिणाम कमी करतं. म्हणून ती वेगळीच बाटली राहील आणि तिच्यावर तशी चिठ्ठी असेल.

शेजारच्या आजोबांना काल एक छोटा पेला दिला. ते उत्तर डेन्मार्कातल्या वेन्सुसेलचे, तिकडे घरच्या कडू स्नॅप्सला (जडीबुटी मुरवलेल्या कडक दारूला) ब्येस्क म्हणतात. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला. शनिवारी त्यांचा वाढदिवस आहे, इथल्या रिवाजाप्रमाणे सकाळच्या पावाबरोबर कडू घोट होईल. त्यासाठी २०० मिलीची बाटली आजच भरून ठेवली.