ड्रॉइंगमधली गिटार आणि चरईतली गिटार

गिब्सन नावाने विकल्या जाणाऱ्या साध्या अकूस्टिक गिटारींमध्ये १९३०च्या दशकातली एल-०० ही सगळ्यात स्वस्त. मिशिगनमधल्या कलामझू गावी, मंदीच्या काळात बनलेली. अंगाने लहान, खालच्या फुगवट्यापाशी रुंदी जेमतेम पावणेपंधरा इंच. महोगनीची पाठ, स्प्रूस लाकडाची तबली म्हणजे वरची फळी, आणि आतून तबलीला चिकटवलेल्या इंग्रजी एक्सच्या आकाराच्या लाकडी पट्ट्या. तेव्हा ज्यांना महागडी गिटार परवडत नव्हती ते ही घेत. आज तिच्यासाठी लोक काही हजार डॉलर मोजतात. म्हणून जगभरचे कारागीर जुन्या गिटारी मोजून काढलेल्या पूर्ण आकाराच्या ड्रॉइंगवरून तिची प्रतिकृती बनवतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यातही गेल्या पावसाळ्यात तेच काम चालू होतं.

मी हे काम मिरजेत शिकलो. तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे आणि तबल्या हाताळत सुरुवात झाली, गिटार नंतर आली. त्यामुळे गिटारीच्या वरच्या फळीला मी अजूनही तबलीच म्हणतो. ज्याची ऑर्डर होती तो मुलगा ऐरोलीला एका कंपनीत मशीन डिझाइन करतो. त्याने ड्रॉइंग कंप्युटरवर चढवलं होतं, प्रत्येक पट्टीची उंची दशांश मिलिमीटरपर्यंत लिहून काढली होती आणि दर शनिवारी येऊन तो ती माझ्या कामाशी ताडून बघायचा. मला त्याचं कौतुकच होतं. इतकी आस्था असलेलं गिऱ्हाईक क्वचित मिळतं.

ऑगस्टमध्ये काम असं होतं: केरळातल्या लागवडीच्या महोगनीच्या कडा वाकवून मोल्डमध्ये बसवलेल्या, अमेरिकेतून मागवलेल्या रेड स्प्रूसची तबली कडांना चिकटवलेली, पाठ मात्र अजून उघडी. पट्ट्या ड्रॉइंगमधल्या उंचीला उतरवून झाल्या होत्या. बाहेर हवेत नव्वद टक्के ओल, आत ओल शोषणारं यंत्र, डीह्यूमिडिफायर, लावून खोली अठ्ठेचाळीसवर ठेवलेली. ठाण्यात पावसाळ्यात हे यंत्र बंद ठेवून तबली चिकटवली, तर फुगलेलं लाकूड पुढे एसीच्या खोलीत आकसतं आणि रेषेवर चिरतं. बोटाने टकटक केली की तबली बोलत होती, पण आवाज आखडलेला येत होता. मुलाला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पण आकडे तर जुळतायत."

अस्सल एल-०० आमच्या दोघांपैकी कुणीच हातात घेतलेली नव्हती. मग त्याच्या ओळखीतून कळलं की ठाण्यातच चरईत एका ईस्ट इंडियन ख्रिस्ती आंटींकडे त्यांच्या वडिलांची जुनी गिब्सन आहे. वडील मुंबईत डान्स बँडमध्ये वाजवायचे. तो काळच तसा होता. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन जॅझवाल्याचा ऑर्केस्ट्रा मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवत होता, आणि गोव्याचे, वसईचे, ठाण्याचे कितीतरी वादक त्या वाऱ्यात तयार झाले. आंटी गिटार दाखवायला तयार झाल्या, पण अट घालून: "मी सोबत बसेन. सहाला माझी मिस्सा आहे, त्याच्या आत ती घरी पाहिजे."

सकाळी रिक्षातून आल्या. गिटार गोधडीत गुंडाळलेली. टेबलावर ठेवली तेव्हा मी आधी तिचं वजन केलं. पावणेदोन किलोसुद्धा नाही. त्यानंतर तिच्याकडे बघताना मला लगेच आणखी काही मोजावंसंच वाटलं नाही. मधोमध पिवळसर आणि कडेला काळपट होत गेलेला रंग, कोपराशी घासून पांढरं पडलेलं लाकूड, मानेवर अंगठ्याच्या जागी उडालेलं पॉलिश. तारा ढिल्या केल्या, आरसा आणि छोटा दिवा आत सोडला. मानेच्या ठोकळ्यावर कारखान्याचा ऑर्डर नंबर अर्धवट दिसत होता.

आणि मग पट्ट्या दिसल्या. ड्रॉइंगमध्ये त्या पट्टीने ओढल्यासारख्या सरळ आहेत. इथे पटाशीचे घाव जसेच्या तसे होते. एका पट्टीचं टोक तीन फटक्यांत उतरवलेलं, शेजारच्या पट्टीचं दोनच. एका बाजूला सरसाचा ओघळ तसाच वाळून मधासारखा चकाकत होता. ज्याने हे केलं त्याच्यासमोर दिवसाला कितीतरी गिटारी असणार. त्याने गुळगुळीत करत बसायचं नव्हतंच. चुंबकाच्या गेजने तबलीची जाडी बघितली. ड्रॉइंगमध्ये सगळीकडे २.८ मिलिमीटर. इथे ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवतात त्या घोडीच्या, मागे ३ च्या वर, कडेला २.५. मुलगा वहीत लिहीत होता, मधेच थांबला. "मग खरा आकडा कुठला?"

मी उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात मला दुसरंच काही ऐकू आलं होतं. ब्रिजपाशी टकटक केली की आतून बारीक झर्रर येत होती. आंटी म्हणाल्या, "ती पावसात अशीच बोलते. जुनी झाली." मी कागदाची पातळ पट्टी आत नेली आणि एक्सच्या एका पायाखाली सरकवली. ती दोन इंच आत गेली. पट्टी तबलीपासून सुटली होती.

माझा बेत होता ब्रिजवर दोन किलोचं वजन ठेवायचं, तबली किती खाली जाते ते डायल गेजवर बघायचं आणि तोच प्रयोग आमच्या नव्या तबलीवर करायचा. कागदावरच्या उंचीपेक्षा हे माप खरं. पट्टीची उंची दहा टक्के कमी केली की तिचा ताठरपणा दहा नाही, सुमारे सत्तावीस टक्के उतरतो, कारण हिशेब उंचीच्या घनाचा असतो. शिवाय एकाच जाडीच्या स्प्रूसच्या दोन फळ्यांत एक दुसरीपेक्षा चांगलीच कडक असू शकते. ड्रॉइंगमध्ये उंची येते, फळीचा कडकपणा येत नाही. पण सुटलेल्या पट्टीवर घेतलेलं माप काय कामाचं? आणि त्याहून मोठी गोष्ट, अशीच तारांच्या ताणाखाली ती ठेवली असती तर पुढे तबली फुगून फाटली असती.

आंटींना आरशात दाखवलं. म्हटलं, "हे आज चिकटवता येईल. पण सरस धरायला उद्यापर्यंत वेळ द्यावा लागेल. गिटार इथेच ठेवावी लागेल." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "फेव्हिकॉल लावणार?"

मला हा प्रश्न फार आवडला. म्हटलं, "नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी होता तोच, जनावराच्या कातड्याचा सरस. जुन्या सरसावर तो पुन्हा धरतो, आणि पुढे कुणाला उघडायचं झालं तर गरम पाण्याने सुटतोही."

"मग लाव," म्हणाल्या, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

गरम पाण्यात बसवलेल्या भांड्यात सरस साठ अंशांवर आणला. थंड लाकडावर तो मिनिटभरही थांबत नाही, लगेच घट्ट होतो. म्हणून मुलाला ड्रायरने तबली बाहेरून कोमट ठेवायला सांगितलं. साउंडहोलमधून, तबलीतल्या गोल भोकातून, माझा हात मनगटापर्यंत जेमतेम गेला. कोमट पाण्याचा ब्रश आत फिरवून जुना सरस मऊ केला, पातळ पात्याने नवा सरस फटीत सारला, लांब तोंडाचा क्लॅम्प बुचाचा तुकडा लावून कसला. आरशात कडेने सरसाची बारीक रेघ सलग बाहेर आलेली दिसली तेव्हा मी हात बाहेर काढला. आंटी सगळा वेळ माझ्या हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

जाताना त्यांनी विचारलं, "रात्री हे यंत्र चालू असतं ना? तिला सुकवू नको." मी तोच विचार करत होतो. चरईच्या दमट घरात राहिलेलं लाकूड एका रात्रीत कोरड्यात आणलं तर चिर पडायची भीती. त्या रात्री खोली पासष्टवर ठेवली आणि आमची नवी तबली प्लास्टिकमध्ये गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर न जाता माझ्याआधी येऊन गाळ्याच्या शटरपाशी उभा होता. क्लॅम्प काढला, टकटक केली. झर्रर गेलेली. ब्रिजवर वजन ठेवलं. जुनी तबली ०.३४ मिलिमीटर खाली गेली. मग आमची, मोल्डमध्ये घट्ट कसलेली. ०.२३. पुन्हा घेतलं, तेवढंच आलं. ड्रॉइंगमधली प्रत्येक उंची तंतोतंत पाळून आमची तबली जवळपास दीडपट ताठ झाली होती.

"म्हणजे ड्रॉइंग चुकीचं?"

"ड्रॉइंग बरोबर आहे," मी म्हटलं. "ते एका गिटारीचं आहे, तिच्या फळीचं. तुझी फळी त्याहून कडक. कलामझूच्या माणसाने ही हातात धरली असती तर तुझ्या आकड्यावर थांबला नसता. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना, कुणी मोजपट्टी लावत नाही. घोडी घासतात, तार छेडतात, पुन्हा घासतात. प्रतिकृती करायची तर त्याचं थांबणं उचलू या, आकडा नको."

त्याला हे सोपं गेलं नाही. त्याने वही मिटली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाला, "तासा." मी बोटभर लांबीचा रंधा घेतला आणि एक्सच्या पायांची टोकं आधी उतरवायला सुरुवात केली, मग मधल्या पट्ट्या. ढलप्या पापडासारख्या पातळ निघत होत्या. थोडं तासायचं, टकटक, वजन, गेज. आवाज हळूहळू खाली उतरत गेला आणि लांबत गेला. ०.३१ वर मी थांबलो. मुलगा म्हणाला, अजून तीन शतांश बाकी आहेत. मी म्हटलं, पाठ चिकटल्यावर आणि तारांचा ताण आल्यावर बघू. साउंडहोलमधून नंतर तासता येतं, तासलेलं परत लावता येत नाही.

संध्याकाळी आंटींची गिटार घेऊन चरईत गेलो. त्यांनी तारा स्वतः लावल्या, कानाने, कुठलंही ॲप न लावता. सी कॉर्ड वाजवली, मग त्याच हाताने एफ. म्हणाल्या, "पप्पा गेल्यावर पहिल्यांदा अशी वाजली." पैसे देऊ लागल्या, मी घेतले नाहीत. दर पावसाळ्याआधी एकदा मला दाखवायची, एवढं मात्र त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. डब्यात घालून ठेवायची सिलिका जेलची पाकिटं आणि ओल मोजायचं छोटं मीटर दिलं, काटा साठच्या वर गेला की पाकिटं बदला म्हणून सांगितलं.

मुलाच्या गिटारीची पाठ दसऱ्यानंतर हवा उतरल्यावर चिकटवली. तारा चढवल्यावर हात आत घालून खालची एक पट्टी आणखी थोडी हलकी केली, तेवढीच. त्याने आपल्या ड्रॉइंगवर प्रत्येक पट्टीच्या मूळ उंचीशेजारी लाल पेनने आमची उंची लिहिली आहे, आणि वर कोपऱ्यात दोन किलो वजनाखालची दोन्ही मापं. त्याच ओंडक्यातल्या स्प्रूसची आणखी एक जोडी माझ्याकडे शिल्लक आहे. ती पहिलीपेक्षा मऊ निघाली. तिच्यावर पट्ट्या चढवताना मी लाल आकडे वापरणार नाही, काळेही नाही. वजन आणि गेज घेऊन पुन्हा पहिल्यापासून बघेन.