स्वाधारची मुलं आणि माझा अंगठा

धनकवडीतला आमचा दुसरा फ्लॅट सासूबाई गेल्यापासून बंद होता. गेल्या जूनमध्ये तीन मुलं बघायला आली. लातूर, हिंगोली, नांदेडकडची, तिघंही इंजिनिअरिंगला. भाड्यावर घासाघीस नाही, पाण्याची चौकशी नाही. एकानं एवढंच विचारलं, "काकू, करारनामा करून द्याल ना? तिघांची नावं घालून?"

करार टाळणारे मालक मी पाहिलेत. करार मागणारी पोरं पहिल्यांदाच पाहिली.

कारण नंतर कळलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांपैकी ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना सरकार बाहेर राहण्याचे पैसे देतं. पुण्यात वर्षाला 60,000: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000, निर्वाहाचे 8,000. अर्जासोबत राहत्या जागेचा पुरावा जोडायचा. आधीचा घरमालक म्हणे, "कागदावर काही नको." त्यात एकाचं वर्ष गेलं होतं.

मी हिशोब मांडला. 20,000 भागिले 12, म्हणजे डोई 1,666. तिघांचे मिळून 5,000. माझं भाडं 9,000. शिवाय पैसे येणार मुलांच्या खात्यात, तेही हप्त्यानं. दर महिन्याच्या 5 तारखेशी त्यांचा संबंध नाही. हे म्हणाले, "म्हणजे भाडेकरू सरकार नाही, पोरंच." खरंच होतं ते. शेवटी ठरलं की महिन्याला 4,000 घरून आणायचे, 5,000 वहीत चढवायचे आणि हप्ता आला की फेडायचे. डिपॉझिट 10,000 वर आणलं.

एजंट म्हणाला, नोंदणी कशाला, नुसती नोटरी करून टाकू. मी नाही म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, आणि खर्च तरी कितीसा? एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं 10 टक्के व्याज, त्यावर 0.25 टक्के स्टँप ड्यूटी. आमची अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी 1,000. एजंटची फी मात्र या दोन्हींपेक्षा जास्त!

तो मशीन घेऊन घरी आला. मुलांचे अंगठे झटक्यात लागले. माझा लागेना. चाळीस वर्षं भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे? पुसला, चोळला, शेवटी तर्जनीवर भागलं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी. "मुलं चांगली आहेत ना? आडनावं काय?" मी म्हटलं, "पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती भरली आहे, प्रत देते. आडनावं त्यात आहेत." पुढे विचारलं नाही त्यांनी. विचारायचं काय होतं ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही.

डिसेंबरअखेर वहीत 30,000 चढले. खोटं कशाला बोलू, मी ती वही रात्री दोनदा उघडून पाहिली. होळीच्या आठवड्यात एकाचे पैसे आले, मग दुसऱ्याचे. तिसऱ्याचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, त्याचे मागाहून. मे संपायच्या आत वही कोरी झाली.

या जूनमध्ये हिंगोलीच्या मुलाला वसतिगृह मिळालं. त्याच्या जागी नवा आला, म्हणून नाव बदलून पुन्हा करार. या खेपेला मी आदल्या रात्रीच अंगठ्याला खोबरेल चोळून झोपले.