चार अक्षरांपायी पाच महिने

फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, 2023 च्या जूनमध्ये गेले आणि आईच्या खात्यात फॅमिली पेन्शनचा पहिला पैसा पडला नोव्हेंबरच्या शेवटी. मधले पाच महिने गेले ते एका क्लार्कनं पत्रावर टाइप केलेल्या चार इंग्रजी अक्षरांपायी. अजून आठवलं की डोकं तापतं.

मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, पासबुक, आबांची पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, हे सगळं आठ दिवसांत जमलं होतं. घोडं अडलं नावापाशी. आबांच्या कागदात आई ‘शांताबाई’ आणि आधारवर नुसती ‘शांता’. हे ‘बाई’ प्रकरण मिटवायचं तर नोंद लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसातूनच दुरुस्त व्हावी लागते. अ‍ॅफिडेव्हिट केलं. अर्ज पुढं पाठवायला मात्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयाचं पत्र हवं होतं. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, आईला अजून तिथं जावं लागतं.

“वडील कशात होते?” तिथल्या क्लार्कनं विचारलं.

“इंजिनिअर्समध्ये.”

“म्हणजे ऑफिसर?”

“नाही, हवालदार.”

“मग इंजिनिअर कसे?”

आता काय सांगायचं! इंजिनिअर हे लष्करातल्या अख्ख्या कोरचंच, म्हणजे विभागाचंच नाव. पायदळात जो शिपाई, तो इथं सॅपर. पूल बांधायचे, सुरुंग पेरायचे आणि काढायचे, आपल्या फौजेला वाट करून द्यायची आणि शत्रूची वाट अडवायची, हे त्यांचं काम. आबांचा ट्रेड ओईएम, म्हणजे डोझर आणि खोदाईची यंत्रं चालवणारा. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण बापाचं कौतुक सांगायला लागलं की माझी जीभ आवरत नाही. मी म्हणाले, शेवटची तीन वर्षं ते बॉर्डर रोडला होते, अरुणाचलात, वर्तक प्रकल्पावर, डोंगर फोडून रस्ता करत होते.

“मग ग्रेफ म्हणा की,” असं म्हणून त्यानं टाइप केलं. जी, आर, ई, एफ.

मी पत्र वाचलं नाही. इथं माझंही चुकलं. कोणतंही पत्र पाकिटात जायच्या आधी उभ्या-उभ्या वाचून घ्या, पलीकडचा कितीही कावला तरी.

मग सुरू झालं “पत्र गेलंय, उत्तर येईल.” सात फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी एसटीनं पाऊण तास, मग जेवणाच्या सुट्टीनंतर या, मग ते टेबल आज रजेवर. एकदा मी जरा आवाज चढवला तर आई माझा पदर ओढून म्हणाली, “गप गं, आपल्यालाच गरज आहे.” तिचा औषधाचा खर्च मी भरत होते आणि ती एका वहीत लिहून ठेवत होती, माझे किती द्यायचे ते. ती वही बघितली की मला जास्त राग यायचा. अखेर दहा आठवड्यांनी उत्तर आलं: या नावाची व्यक्ती आमच्या नोंदीत नाही.

आई रडायलाच लागली. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस नोंदीतच नाही म्हणजे काय?

शेजारचे सुभेदार काका मद्रास सॅपर्समधून पेन्शन आलेले. पत्र आधीच त्यांना का दाखवलं नाही, कुणास ठाऊक. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, “नंबर काय होता?” मी सांगितला. “जीएस कुठं आहे यात? ग्रेफच्या माणसाचा नंबर जीएसनं सुरू होतो. हा तर आर्मी नंबर आहे, आकडे आणि शेवटी एक अक्षर. पोरी, हे कागद चुकीच्या दारात गेलेत.”

मग त्यांनी अंगणात बसून जे समजावलं, ते मला जूनमध्ये कळायला हवं होतं. कोरमध्ये जवानांचे ग्रुप तीन: मद्रास बेंगळुरूला, बंगाल रुरकीला आणि बॉम्बे आपल्या खडकीला. भरती झाली की ट्रेनिंग तिथं आणि रेकॉर्डही तिथंच. पुढं माणूस फील्ड कंपनीत जावो, पुलाच्या युनिटात जावो नाहीतर बॉर्डर रोडला डेप्युटेशनवर जावो, त्याचा ग्रुप बदलत नाही. “सासरं दहा झाली तरी माहेर एकच,” काका म्हणाले. ग्रेफ, म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, वेगळी. 1960 साली सीमेवरच्या रस्त्यांसाठी बॉर्डर रोड्सची संघटना उभी राहिली, तिची ती स्वतःची माणसं, भरती वेगळी. प्रकल्पावर मात्र ग्रेफवाले आणि आर्मीवाले एकाच रस्त्यावर घाम गाळतात, म्हणून बाहेरच्याला फरक कळत नाही. त्यात एमईएस, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, आणखी निराळं. छावणीतल्या इमारती, पाणी, वीज त्यांच्याकडे, आणि तिथं सिव्हिलियन कर्मचारीही भरपूर.

गंमत अशी, की पुण्यात हे सगळंच हाताच्या अंतरावर आहे. ग्रेफचं रेकॉर्ड दिघीला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आणि मिलिटरी इंजिनिअरिंगचं कॉलेज दापोडीला. रिक्षावाल्याला नुसतं “इंजिनिअर्सच्या मिलिटरीत” म्हणालात तर तो कुठंही सोडेल. पाटीवरचं नाव सांगा.

डिस्चार्ज बुकच्या पहिल्याच पानावर बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणजेच बॉम्बे सॅपर्स, असं छापलेलं होतं. ते पुस्तक क्लार्कच्या टेबलावर उघडं पडलं होतं, शपथेवर सांगते. त्यानं शेवटच्या युनिटचं पान बघितलं आणि माझं ऐकलं.

पत्र बदलून घ्यायला परत त्याच कार्यालयात. “जुनं पत्र रद्द करायला साहेबांची सही लागेल. साहेब ट्रेनिंगला गेलेत.” आणखी सतरा दिवस. सुभेदार काका बरोबर आले तेव्हा मात्र खुर्ची मिळाली, चहाही मिळाला. बाईमाणूस एकटी गेली की उभी राहते, हे लिहायचं नव्हतं, पण लिहून टाकते.

खडकीचं फारसं सांगण्यासारखं नाही. नावाच्या बदलाची पार्ट टू ऑर्डर निघाली, ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरची माहिती दुरुस्त झाली, पुढचं आपोआप सरकलं. घरात लग्न, बाळंतपण, नावातला बदल, काहीही झालं तरी त्याची नोंद या ऑर्डरनंच होते, म्हणून माजी सैनिक हयात असतानाच हे मिटवून घ्या. आबांना मी दहा वेळा म्हणाले होते. ते म्हणायचे, “माझी बायको कोण ते सरकारला माहीत आहे.”

त्यांना ग्रुपचा भारी अभिमान. 1948 ला नौशेरा-राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारे परमवीर चक्रवाले राम राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचेच, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. 2018 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोडचा पादचारी पूल लष्करानं बांधला तेव्हा टीव्हीसमोरून उठलेच नाहीत. 2022 ला जनरल मनोज पांडे लष्करप्रमुख झाले, इंजिनिअर्समधले पहिले. त्या दिवशी घरात पेढे आले होते, शेजारी विचारत होते कुणाचं लग्न जमलं.

हो, एक राहिलं. फॅमिली पेन्शन सुरू झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आईचं बोट मशीनवर उमटत नाही, राखेनं भांडी घासून रेषा गेल्यात. चेहरा दाखवूनही होतं, मोबाइलवर. हे आम्हाला दोन फेऱ्यांनंतर कळलं.

नवी पीपीओ हातात आल्यावर झेरॉक्स द्यायला मी मुद्दाम त्याच टेबलापाशी गेले. त्यानं वरून खाली वाचली, शिक्का मारला आणि विचारलं, “पण ताई, रस्त्याचं काम करायचे असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”