देवाशी भांडण

सोलापुरात ओळखीचं माणूस भेटलं की 'जेवलात का'च्या आधी 'तुमच्याकडं पाणी आलं का' विचारायची पद्धत आहे. उजनी शंभरेक किलोमीटरवर. तिथून भीमेचं पाणी जलवाहिनीनं यायचं, मग गल्लीगल्लीची पाळी. पाळी तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, आणि वेळ म्हणाल तर पहाटेचे तीनसुद्धा. त्यामुळे वाट बघण्यात आम्ही तरबेज. पण मुकाट्यानं वाट बघेल तो सोलापूरकर कसला! व्हॉल्व्हवाल्याला फोन, शेजारणीला हाक, नळाला दोन शिव्या, एवढं झाल्याशिवाय हंडा भरत नाही.

माझी आत्या चर्चची जुनी सभासद. तिचा धाकटा रागावून घरातून गेला, त्याला बरीच वर्षं झाली. फोनही उचलत नाही. पाण्याच्या पहाटे आत्या नळाच्या तोंडाला फडकं बांधते, खाली घागर लावते आणि पाटावर बसते. नळ आधी फुसफुसतो, खोकतो, गढूळ पाण्याची एक चूळ टाकतो. तेवढ्या वेळात तिची प्रार्थना, तीही मोठ्यानं: "ऐकतोयस ना बापा? का झोपलायस? किती वर्षं झाली, काही हिशोब हाय का तुझ्याकडं?" आवाज व्हॉल्व्हवाल्याला लावते तोच.

मंडळीतल्या काही बायकांना हे खपत नाही. धीर धरायचा म्हणजे हसतमुखानं 'देवाची वेळ वेगळी असते' म्हणायचं, अशी आमच्यात समजूत. त्यातून रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभे राहतात ते ज्यांचं काम झालंय ते. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, लग्न जमलं. ज्याचं अजून अडकलंय तो मागच्या बाकावर. पाळकसाहेबांनी आत्याला एकदा साक्ष द्यायला सांगितलं, तर म्हणाली, "माझं भांडण चालू हाय, मिटलं की बोलते."

मी आत्याच्या बाजूचा. बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून बघा. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं, पण 'कोठवर?' असं दावीद त्यात चारदा विचारतो. शेवटी निदान गातो तरी. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तेही नाही, ते अंधारावरच संपतं. आणि ते कुणी शास्त्रातून काढून टाकलेलं नाही.

आमच्या गल्लीत ज्यांनी बोअर मारली ते नळाच्या नावानं कधी ओरडत नाहीत. त्यांना गरजच उरलेली नाही. तक्रार करायची तर समोर ऐकणारा कुणीतरी आहे, हे आधी धरून चालावं लागतं. आत्या ते रोज धरून चालते, आणि गुळगुळीत प्रार्थना करणाऱ्या आमच्यासारख्यांबद्दल मला तेवढी खात्री देता येणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधला काही काळ त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात काढला. तेव्हा आपण निमूट होतो, असा आव त्या बाईंनी पुढं 'स्मृतिचित्रे' लिहितानाही आणला नाही.

आणि बेथानीच्या त्या दोघी बहिणी! त्यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप पोचूनही येशू होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि म्हणते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरीया येते, तीही पाया पडून तेच म्हणते. येशू दोघींपैकी कुणालाच दटावत नाही; मरीयेला रडताना बघून तर तो स्वतःच रडतो. दोघींच्या तोंडी एकच वाक्य! त्या चार दिवसांत त्या घरात दुसरं काही बोललंच गेलं नसावं, असं मला वाटतं.